पुस्तकांची फळी वाकते आहे? आधी दोरा लावून बघा!

पावसाळ्यातली रात्र होती. जेवणखाण आटपून आम्ही नुकतेच आडवे झालो होतो, तोच बाहेरच्या खोलीत धाडकन आवाज झाला. आधी वाटलं, वाऱ्याने कुणाचा तरी पत्रा उडाला. दिवा लावून बघते तो काय, पुस्तकांच्या कपाटाची मधली फळी एका बाजूने निसटून खाली आलेली आणि तिच्यावरचे जाडजूड ग्रंथ चटईवर पसरलेले! त्याच चटईवर आमची नात रोज दुपारी भातुकली मांडून बसते. तिची ॲल्युमिनियमची छोटी पातेली एका ग्रंथाखाली सापडून चक्क चपटी झाली होती. यजमान पुस्तकं उचलायला लागले. मी मात्र ती पातेली हातात घेऊन उभीच राहिले.

मैत्रिणींनो, हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. सांगते ते एवढ्यासाठीच, की त्या फळीने आम्हाला दोन वर्षं आधीपासून बजावलं होतं. ती मधोमध खाली झुकली होती. आम्ही रोज बघत होतो आणि "फळीला पोट सुटलंय" म्हणून हसतही होतो. तांदळाच्या डब्यात एक किडा दिसला तर आपण लगेच सगळे तांदूळ उन्हात घालतो. मग पुस्तकांच्या फळीकडेच आपण असं दुर्लक्ष का करतो?

आम्ही मोहन्याला राहतो. आंबिवली स्टेशनला उतरून उल्हास नदीच्या बाजूला आलं की आमचं गाव लागतं. पुष्कळांना ते 'एन. आर. सी.चं मोहने' म्हणूनच ठाऊक आहे. नॅशनल रेयॉनचा तो कारखाना २००९ साली बंद पडला. त्यानंतर इथल्या कितीतरी संसारांची मांडामांड बदलली. मोठ्या घरातलं सामान लहान घरात आलं, दोन कपाटांतला ऐवज एका कपाटात कोंबला गेला. भांडी देऊन टाकता येतात, जुन्या गाद्या देऊन टाकता येतात, पण पुस्तकं देववत नाहीत. आमच्या यजमानांना तर कोशांचं वेड! महादेवशास्त्री जोशींच्या भारतीय संस्कृतिकोशाचे १० खंड, मराठी विश्वकोशाचे जमतील तेवढे खंड, आणि पुढच्या रांगेत माझे दिवाळी अंक. तयार मिळालेल्या एका स्वस्त कपाटात आम्ही हे सगळं भरलं, आणि वर त्याच्याकडून सागवानाच्या कपाटासारखी अपेक्षा ठेवली.

फळी पडल्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. दोन सुतारांशी बोलले, एकदा स्वतः करून फसलेही. त्यातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

पुस्तकं किती जड असतात?

आपल्याला वाटतं, कागदच तो, त्याचं असं काय वजन असणार? म्हणून एकदा मोजून बघा. घरात माणसांचं वजन करायचा काटा असेल तर त्यावर एक फूट लांबीची पुस्तकांची रांग रचून ठेवा. नसेल तर रद्दीवाला येईल तेव्हा त्याच्या काट्यावर मोजा. विकायला नाही हं, नुसती मोजायला!

साध्या कथा-कादंबऱ्यांची एक फूट रांग साधारण ६ ते ८ किलो भरते. कोशांचे मोठे खंड असतील तर तीच एक फूट १२ ते १५ किलोंवर जाते. गुळगुळीत, चकचकीत कागदाची चित्रांची पुस्तकं दिसतात त्याहून जड असतात, कारण त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप दिलेला असतो.

आता हिशेब करा. ३ फुटांच्या फळीवर कोशांची एक रांग म्हणजे ४० किलोंच्या आसपास. आपल्या स्वयंपाकघरातला भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोंचा असतो. म्हणजे आमच्या त्या फळीवर सव्वा ते दीड सिलिंडर रात्रंदिवस आडवा पडला होता, आणि त्यापुढे दिवाळी अंकांची दुसरी रांग होती ती वेगळीच. भुसा दाबून केलेल्या फळीवर सिलिंडर ठेवायला आपण धजलो असतो का?

दोऱ्याची परीक्षा

फळी वाकली आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. रोज बघून बघून डोळ्यांना सवय होते. त्यासाठी शिवणाच्या पेटीतला दोरा घ्या. फळीच्या पुढच्या कडेवर, वरच्या बाजूने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो ताणून धरा. एकटीने जमत नसेल तर टोकांना चिकटपट्टी लावा. आता मधोमध दोरा आणि फळी यांच्यात किती फट दिसते, ती मुलांच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजा.

३ फुटांच्या फळीला २–३ मिलिमीटर फट असेल तर काळजीचं काही कारण नाही. ५–६ मिलिमीटर असेल तर वजन कमी करा आणि उपायाला लागा. त्याहून जास्त असेल तर आजच्या आज फळी रिकामी करा.

मोजलेला आकडा तारखेसकट फळीच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा, आणि महिन्याने पुन्हा मोजा. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. लाकूड ओझ्याखाली एकदा वाकून थांबत नाही, वर्षानुवर्षं थोडं थोडं वाकतच जातं. भुशाच्या बोर्डाची ही खोड साध्या लाकडापेक्षा जास्त, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तर आणखीच. म्हणूनच आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतो आहे का, हे आधी बघावं.

पुष्कळ जणी वाकलेली फळी उलटी करून घालतात. तात्पुरतं ठीक आहे, फळी सरळ दिसते. पण काही महिन्यांनी ती दुसऱ्या बाजूला वाकते. हा उपाय नव्हे, ही नुसती सवलत.

खरं म्हणजे लाकडी फळी आधी वाकून दाखवते, हा तिचा चांगुलपणाच. दगड किंवा काच तसं करत नाही. कडप्प्याची लांब फळी वरवर ठणठणीत दिसते आणि एके दिवशी कडकन मोडते. तेव्हा कडप्प्याच्या किंवा काचेच्या लांब फळीवर पुस्तकांची रांग लावूच नका.

दोष जाडीचा की लांबीचा?

फळी वाकली की आपण म्हणतो, "पातळ होती, जाड घालायला हवी होती." पहिला सुतारही मला तेच म्हणाला. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. जाडीपेक्षा लांबीचा दोष मोठा असतो.

दर फुटावर तेवढंच ओझं धरलं, तर ३ फुटांची फळी जितकी वाकेल, तिच्या फक्त पाचव्या हिश्शाने २ फुटांची फळी वाकते. आणि दीड फुटाची? सोळाव्या हिश्शाने! म्हणजे ३ फुटांच्या फळीला मधोमध पक्का आधार दिला, की फळी तीच राहते आणि वाकणं जवळपास संपतं. उलट १२ मिलिमीटरच्या जागी १८ मिलिमीटर जाडीची फळी घातली, तर वाकणं सुमारे साडेतीन पटींनी कमी होतं. फायदा आहेच, पण खर्चही आहे आणि फळीचं स्वतःचं वजनही वाढतं.

आपल्या जुन्या घरांतली फडताळं आठवा. जाड भिंतीत कोरलेली, रुंदीला बेताची, फळ्यांची टोकं भिंतीतच रुतलेली. त्यात आजीची पितळेची भांडी वर्षानुवर्षं राहायची, पण फळी कधी हलली नाही. आखूड फळी आणि टोकांना भक्कम आधार, एवढंच त्याचं रहस्य.

फळी पडते ती टोकाशी

आमची फळी मधोमध मोडली नव्हती. ती टोकाशी निसटली होती. बहुतेक वेळा असंच होतं. फळी वाकली की तिची दोन्ही टोकं किंचित आत ओढली जातात. तयार कपाटांत फळी चार लहान खुंट्यांवर टेकलेली असते. टोक आत सरकलं, खुंटीवर कसंबसं टेकू लागलं, की एक दिवस तेही सुटतं. कधी प्लॅस्टिकची खुंटीच तुटते, तर कधी भुशाच्या बोर्डातलं भोक मोठं होऊन खुंटी डुलायला लागते. कपाटाच्या बाजूच्या फळ्या बाहेर फुगल्या असतील तर टोकं आणखीच मोकळी होतात.

तेव्हा दोरा लावून झाला की खाली बसून, विजेरी घेऊन चारही खुंट्या बघा. फळीच्या टोकाशी भुशाचं पीठ सांडलेलं दिसलं, खुंटी तिरकी झालेली दिसली, तर मध्ये फट कितीही कमी असो, फळी रिकामी करा.

माझा फसलेला उपाय

आता माझी फजिती सांगते. फळी पुन्हा बसवली, आणि मधोमध आधार द्यायचा हे कळल्यावर मी सुताराची वाट बघितली नाही. लाकडाचा एक ठोकळा उंचीला बरोबर कापून घेतला आणि मधल्या फळीखाली, खालच्या फळीवर उभा केला. मधली फळी लगेच ताठ झाली. मी मोठ्या कौतुकाने यजमानांना दाखवलं.

पंधरा दिवसांत खालची फळी वाकली! वरच्या फळीचं ओझं मी ठोकळ्यातून खालच्या फळीच्या नेमक्या मध्यावर आणून ठेवलं होतं. आधी तिच्यावर तिचंच ओझं होतं, आता तिला दोघींचं झालं.

दुसरे सुतार वयस्कर होते. त्यांनी कपाट बघितलं, ठोकळा बघितला आणि हसून म्हणाले, "ताई, वजन हवेत थांबत नाही. ते जमिनीपर्यंत पोचवावं लागतं."

मधला आधार द्यायचा तर तो सगळ्या कप्प्यांत एकाखाली एक, एका रेषेत हवा, आणि सगळ्यांत खालच्या फळीखालीसुद्धा, थेट फरशीपर्यंत. आमच्या कपाटात खालच्या फळीखाली पोकळी होती. तिथे त्यांनी लाकडाचा ठोकळा घट्ट बसवला आणि मग वरचे आधार दिले. तेव्हापासून दोरा आणि फळी यांच्यातली फट वाढलेली नाही.

घरच्या घरी करण्याजोगे चार उपाय

कुठलाही उपाय करण्याआधी कपाट रिकामं करा आणि हाताशी दुसरं माणूस घ्या. भरलेल्या कपाटावर हातोडी-स्क्रू चालवू नका.

पहिला, मधला उभा आधार. १८ मिलिमीटर प्लायवूडचे तुकडे कपाटाच्या खोलीइतके रुंद आणि प्रत्येक कप्प्याच्या उंचीइतके कापून घ्या. उंची टोकाशी मोजा, मधे मोजू नका. मधे फळी वाकलेली असते, त्यामुळे माप कमी येतं. सर्वांत खालचा आधार आधी, मग वरचे. सगळे एका रेषेत आहेत की नाही, हे बघायला ओळंबा हवा. तो नसेल तर दोऱ्याच्या टोकाला कुलूप बांधून वरून सोडा. झाला ओळंबा! आधार सरकू नये म्हणून फळीतून एखाद-दुसरा स्क्रू घाला.

दुसरा, कडेची उभी पट्टी. एक गंमत करून बघा. मुलांची फूटपट्टी आडवी धरून दाबा, लगेच वाकते. तीच कडेवर उभी धरून दाबा, वाकेल का? फळीच्या पुढच्या कडेखाली दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड लाकडी पट्टी लावायची असेल, तर ती चपटी न लावता अशीच उभी लावा. तेवढंच लाकूड, पण उभं लावल्याने सुमारे चौपट ताठ. पट्टी सलग, फळीच्या पूर्ण लांबीची, बिनगाठीची हवी. मधे जोड दिलेली पट्टी काही कामाची नाही. मागच्या कडेलाही एक लावली तर फारच उत्तम.

पट्टी लावताना फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्ही वापरा, स्क्रू वीतभर अंतरावर. जिथे चिकटवायचं तिथला सनमायका किंवा रंग खरवडून काढा. फेव्हिकॉल लाकडाला धरतो, गुळगुळीत पृष्ठभागाला नाही. चिकटवताना फळी सरळ असली पाहिजे, नाहीतर तिचा बाक तसाच पक्का होईल. मग पूर्ण एक दिवस आणि एक रात्र तिच्यावर काही ठेवू नका. आणि हो, पट्टी लावल्यावर खालच्या कप्प्याची उंची दीड इंचाने कमी होईल. आपली सगळ्यांत उंच पुस्तकं तिथे मावतात ना, ते आधी बघा!

तिसरा, टोकांच्या पट्ट्या. खुंट्यांवर विसंबू नका. फळीच्या दोन्ही टोकांखाली, कपाटाच्या बाजूंना, पुढून मागेपर्यंत लाकडी पट्ट्या लावून घ्या. मग फळी चार ठिपक्यांवर न टेकता दोन लांब रेषांवर टेकेल. बाजू भुशाच्या बोर्डाच्या असतील तर तिथे स्क्रू फार काळ धरत नाहीत. आरपार बोल्ट घालून आतबाहेर वॉशर आणि नट लावा. बाहेरून चार डोकी दिसतील, दिसू देत.

चौथा, कपाटाची पाठ. कपाटाच्या बाजूला उभं राहून वरच्या कोपऱ्याला हलकेच ढकला. कपाट झुल्यासारखं डुललं तर मागचा पातळ पत्रा सुटला आहे असं समजा. तो नुसता धूळ अडवायला नसतो, कपाटाला काटकोनात धरून ठेवायलाही असतो. तो काढून त्या जागी प्लायवूड बसवा, चारी कडांना आणि प्रत्येक फळीच्या मागच्या कडेलाही स्क्रू मारा. म्हणजे फळीला मागून आयताच आधार मिळतो.

आणि सुतार येईपर्यंत आज काय करायचं? पुस्तकांचाच टेकू द्या. सगळ्यांत खालच्या कप्प्यापासून सुरुवात करून, प्रत्येक कप्प्यात मधोमध जाड पुस्तकांची आडवी चळत रचा. वरच्या फळीला ती जेमतेम टेकली पाहिजे. थोडी फट राहिली तर पुठ्ठा घडी करून सारा. खालच्या फळीखालची पोकळी मात्र आधी भरा. माझी फजिती तुमची व्हायला नको!

पुस्तकं रचण्याची रीत

जड पुस्तकं खाली, हलकी वर, हे आपल्याला माहीत असतं. पण एकाच फळीवरही जागा बघून रचावं. जड खंड दोन्ही टोकांकडे ठेवा आणि मध्ये हलक्या कादंबऱ्या. ओझं आधाराजवळ असलं की फळी कमी वाकते. दोन रांगा एकापुढे एक लावल्या की फळीवरचं ओझं दुप्पट होतं, आणि मागची रांग कधी वाचलीही जात नाही. कपाटाच्या डोक्यावर जुन्या बॅगा, शिवणयंत्र, गणपतीच्या मखराचं सामान चढवू नका.

आणि जी पुस्तकं आपण पुन्हा उघडणार नाही, ती वाचनालयाला विचारून बघा. आमच्या कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. तुमच्याही गावात एखादं असेलच. त्यांना हवी असतील तीच पुस्तकं द्या, नको असलेली त्यांच्या गळ्यात मारू नका.

कपाट भिंतीला बांधा

फळ्या कितीही पक्क्या केल्या आणि कपाटच पुढे कोसळलं तर? लहान मुलं फळ्यांना जिना समजतात. वरच्या कप्प्यातली बाहुली काढायला एखादं मूल खालच्या फळीवर चढलं, की सगळं कपाट त्याच्या अंगावर येऊ शकतं. घरात लहान मूल असेल तर हे काम उद्यावर टाकू नका.

कपाटाच्या वरच्या भागाला, दोन्ही टोकांशी, लोखंडी काटकोनी पट्ट्या लावून त्या भिंतीला स्क्रूने जखडायच्या. भिंतीत आधी भोक पाडून त्यात प्लग बसवतात आणि मग स्क्रू पिळतात. भोक विटेत गेलं पाहिजे. नुसत्या गिलाव्यात गेलेला प्लग हाताने ओढला तरी निघतो. विजेच्या बटणांच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तारा बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा. चार भोकांसाठी कुणी नाही म्हणत नाही.

आम्हा नदीकाठच्यांचा प्रश्न

आता तुम्ही म्हणाल, जड पुस्तकं खाली ठेवायची हे ठीक, पण पाणी शिरलं तर? आमच्या भागात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २६ जुलै २००५ चा पाऊस कल्याण तालुक्यात कोण विसरेल? २७ जुलै २०१९ ला याच उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली होती. मग तळमजल्यावरच्या बाईने काय करावं? पुरासाठी कोश वर ठेवावेत, तर कपाट डोक्याशी जड होऊन कोसळण्याची भीती. खाली ठेवावेत, तर भिजण्याची!

मी यातून असा मार्ग काढला आहे. कपाटच उचलून घेतलं. खाली चारही कोपऱ्यांना आणि मधल्या आधाराखाली एकसारख्या उंचीचे पक्के चौथरे केले, म्हणजे घरात घोटाभर पाणी आलं तरी खालची फळी कोरडी राहील. कपाट उंच झाल्यावर ते भिंतीला पुन्हा नीट जखडलं. जड पण पुन्हा विकत मिळतील असे ग्रंथ खालीच ठेवले. जे पुन्हा मिळणार नाही, ते वरच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलं. मुलांचे दाखले, यजमानांचे नोकरीचे आणि फंडाचे कागद, सासूबाईंची हाताने लिहिलेली पाककृतींची वही, सगळं तिथे. हे मोलाचं असलं तरी वजनाला हलकं आहे. फळीला त्याचा भार होत नाही.

भुशाच्या बोर्डात एकदा पाणी मुरलं की ते पावासारखं फुगतं. वाळल्यावर सपाट झालं तरी त्याची ताकद परत येत नाही. अशा फळीवर वरून नवा सनमायका चढवून पुस्तकं ठेवू नका. ती फळी बदलायचीच. आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून कपाट इंचभर पुढे ठेवा, मागे वारा खेळला पाहिजे. भिंतीला जखडताना मधे लाकडाचा तुकडा घातला की हे अंतर आपोआप राहतं.

नवं कपाट करवून घेताना

सुताराला चार गोष्टी आधीच सांगा. पुस्तकांच्या फळीचा गाळा २ फुटांपेक्षा मोठा नको. फळी किमान १८ मिलिमीटरची हवी. प्लायवूडच्या वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीकडे धावल्या पाहिजेत, रुंदीकडे नाहीत. तुकडे वाचवण्याच्या नादात कापताना ही दिशा चुकते, आणि चांगलं प्लायवूडही लवकर वाकतं. शेवटची गोष्ट म्हणजे तळाची फळी जमिनीपासून चार-सहा इंच वर, आणि मधल्या उभ्या फळीचा पाय थेट फरशीवर.

लोखंडी कपाटालाही हेच लागू. त्याच्या पत्र्याच्या फळीची कड खाली दुमडलेली असते, ती दिसायला नव्हे. ती म्हणजे आपली उभी फूटपट्टीच. ती कड चेपली, वाकली, की फळीतला जोर गेला.

हे सगळं वाचून "हे तर पुरुषांचं काम" असं म्हणून पान उलटू नका. त्या कपाटासमोरची जमीन आपण झाडतो, नातवंडांना चटई आपण घालून देतो. वाकलेली फळी आधी आपल्यालाच दिसते. करवत सुताराच्या हातात असू दे, पण काय करायचं ते आपल्याला ठाऊक हवं. नाहीतर तो म्हणेल तेवढं जाड लाकूड आपण विकत घेत बसतो.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोरा लागतो. एक टोक मी धरते, दुसरं नात धरते, आणि आकडा तीच पेन्सिलीने लिहिते. चपटी झालेली ती पातेली मी टाकून देणार होते, पण तिने देऊ दिली नाही. भातुकलीत आता तिचा तवा झाला आहे.

तुमच्या घरची फळी काय म्हणते आहे? आज दुपारची निजानीज झाली की दोरा काढा आणि बघा.